सुरुवातच वाईट जागी झाली तर: सिव्हिलायझेशन ६ नव्याने खेळणाऱ्यांसाठी

नवा खेळ सुरू होतो, नकाशाचा कोपरा उघडतो आणि दिसतो तो टुंड्रा. करडी, गारठलेली जमीन, एखादं हरीण, दूरवर बर्फ. हातात एक सेटलर (नवं शहर वसवणारा) आणि एक वॉरियर (साधा सैनिक). अशा वेळी बहुतेक नवे खेळाडू मेनू उघडून रीस्टार्ट दाबतात, आणि हिरवीगार नदीकाठची जागा मिळेपर्यंत दाबतच राहतात. मला हे मनापासून थांबवावंसं वाटतं. या खेळातलं सगळ्यात खोल शिक्षण वाईट जमिनीवरच मिळतं. चांगल्या जमिनीवर चुका झाकल्या जातात. कुठला टर्न (खेळातली एक पाळी) वाया गेला ते टुंड्रात लगेच कळतं.

इथे लिहिलेलं सगळं सिव्हिलायझेशन ६ या, पाळीपाळीने आपलं साम्राज्य वाढवायच्या संगणकीय खेळाबद्दल आहे. मूळ खेळ २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आला. २०१८ मध्ये राइझ अँड फॉल आणि २०१९ मध्ये गॅदरिंग स्टॉर्म ही विस्तारं आली. गव्हर्नर (शहरावर नेमायचा अधिकारी) आणि लॉयल्टी (शहराची तुमच्यावरची निष्ठा) या गोष्टी विस्तारांमधल्या आहेत, तुमच्याकडे फक्त मूळ खेळ असेल तर तेवढा भाग सोडून द्या. आकडे स्टँडर्ड वेगाचे आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वाईट जागी राजधानीचं काम एकच: दुसरं शहर उभं करणं. तिला मोठं करणं, नटवणं, तिच्यात वंडर (जगप्रसिद्ध भव्य वास्तू) बांधणं हे नंतरचं.

आधी बघा, नक्की काय कमी आहे

“जागा वाईट आहे” म्हणून भागत नाही. अन्न कमी आहे, उत्पादन कमी आहे, पाणी नाही, की पसरायला जागाच नाही? चारींवर उपाय वेगवेगळे आहेत.

हिशेब सोपा आहे. शहरातला प्रत्येक नागरिक दर टर्नला २ अन्न खातो. ग्रासलँडची टाइल (नकाशाचा एक षटकोनी तुकडा) २ अन्न देते, म्हणजे तिच्यावर काम करणारा आपलं पोट आपण भरतो. प्लेन्स १ अन्न आणि १ उत्पादन देते. टुंड्रा १ अन्न. वाळवंट आणि बर्फ काहीच नाही. टेकडी असेल तर १ उत्पादन वाढतं, झाडी असेल तर आणखी १.

आता हे जवळून बघा. लोकसंख्या १ वरून २ व्हायला १५ अन्न साठावं लागतं. शहराच्या मधल्या टाइलला किमान २ अन्न मिळतंच. तुमचा एकुलता नागरिक ग्रासलँडवर असेल तर एकूण ४ अन्न, त्यातलं २ खाण्यात गेलं, २ शिल्लक. साधारण ८ टर्नमध्ये दुसरा नागरिक. तोच टुंड्राच्या झाडीत असेल तर एकूण ३, शिल्लक १, म्हणजे १५ टर्न. टुंड्राचा शाप म्हणतात तो एवढाच: सुरुवातीचे सात टर्न. सात टर्न भरून काढता येतात. पुढचे चाळीस टर्न चुकीच्या गोष्टी बांधण्यात गेले तर ते मात्र भरून निघत नाहीत.

सेटलर किती चालवायचा

आधी वॉरियर हलवा, सेटलर नाही. वॉरियर टेकडीवर चढवला तर आणखी लांबचं दिसतं. त्यानंतर सेटलर निवडा, म्हणजे नकाशावर रंग येतील: गडद हिरवा म्हणजे गोडं पाणी, फिका हिरवा म्हणजे समुद्रकिनारा, करडा म्हणजे पाणी नाही. जिरायत आणि बागायत यांत जेवढा फरक, तेवढाच या रंगांत आहे. गोड्या पाण्याजवळच्या शहराला ५ हाउसिंग (लोकसंख्या सामावून घ्यायची जागा) मिळतं, किनाऱ्यावर ३, कोरड्या जागी २. राजवाड्याचं १ त्यात मिळवा. म्हणजे कोरड्या जागच्या राजधानीला अवघं ३. लोकसंख्या हाउसिंगपेक्षा एकाने कमी असली की वाढ निम्मी होते, बरोबरीला आली की पावावर येते. कोरडी राजधानी दुसऱ्या नागरिकालाच अडखळायला लागते ती यामुळे.

म्हणून पाण्यासाठी दोन-तीन टर्न चालणं परवडतं. माझा नियम तीन टर्नचा. त्यापुढे चालत राहिलात तर शेजारी तुमच्यापुढे निघून जातो, आणि पुढे चांगली जमीन असेलच याची खात्री नसते.

बसवताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्लेन्सची टेकडी मिळाली तर सोडू नका, कारण मधल्या टाइलला २ अन्नाबरोबर २ उत्पादन मिळतं. इतर बहुतेक जागी १ च मिळतं. सुरुवातीच्या काळात तेवढंसं १ उत्पादन फार मोलाचं असतं. दुसरी गोष्ट नव्या खेळाडूंच्या लक्षात येत नाही: शहर टाकाऊ टाइलवर बसवलं तर ती टाइल सुधारते. कोरड्या वाळवंटाची शून्याची टाइल शहराखाली आली की २ अन्न आणि १ उत्पादन देऊ लागते, आणि आजूबाजूच्या चांगल्या टाइल नागरिकांसाठी मोकळ्या राहतात. ओअ‍ॅसिसवर शहर बसत नाही, पण त्याला लागून बसवलं तर गोडं पाणी मिळतं.

पहिले तीस टर्न

माझ्या एका खेळातला हिशेब मांडतो. नेता रँडम होता, टुंड्राशी त्याचा काही संबंध नव्हता, ना रशिया ना कॅनडा. दोन टर्न चालून नदीकाठच्या प्लेन्स टेकडीवर राजधानी बसवली. राजवाड्याचं २ उत्पादन, मधल्या टाइलचं २ आणि झाडी असलेल्या टुंड्रा टेकडीवरच्या नागरिकाचं २. एकूण ६.

पहिला स्काउट (टेहळ्या), ३० उत्पादनाचा, पाच टर्न. दुसरा स्लिंगर (गोफणवाला), ३५ चा, सहा टर्न. तोवर अकरा टर्न झाले आणि लोकसंख्या अजून १ च. सेटलर बांधायला शहरात २ नागरिक लागतात, म्हणून मधल्या वेळात वॉरियरचं काम सुरू केलं. दुसरा नागरिक आला तशी यादी बदलून सेटलर वर घेतला. वॉरियर अर्धा राहिला तरी त्याचं उत्पादन वाया जात नाही, नंतर तिथूनच पुढे सुरू होतं. पहिल्या सेटलरला ८० उत्पादन लागतं, पुढच्या प्रत्येकाला आणखी जास्त. दोन नागरिक मिळून शहराचं उत्पादन ८ झालं होतं, त्यामुळे दहा टर्न लागले.

नागरिक कुठे काम करणार हे खेळ आपोआप ठरवतो आणि तो बहुधा अन्नाकडे झुकतो. शहराच्या पडद्यावर नागरिकांची व्यवस्था उघडा आणि स्वतः टाइल निवडून कुलूप लावा. लोकसंख्या २ होईपर्यंत अन्न, २ झाली की उत्पादन. सेटलर निघाला की एक नागरिक तसाही कमी होतो, म्हणून त्या दहा टर्नांत लोकसंख्या वाढवायच्या मागे लागू नका.

या काळात स्टोनहेंजचा मोह टाळा. १८० उत्पादन म्हणजे ६ च्या वेगाने तीस टर्न. तेवढ्यात जवळजवळ दोन सेटलर होऊ शकतात. शिवाय वरच्या पातळ्यांवर संगणक ते तुमच्या आधी बांधून टाकतो आणि तुमचे टर्न पाण्यात जातात.

सोनं साठत असतं, त्याचाही उपयोग करा. राजवाडा दर टर्नला ५ सोनं देतो. टुंड्रात फर बऱ्याचदा मिळते. अ‍ॅनिमल हजबंडरी शिकून तिच्यावर कँप बांधला की फर दुसऱ्या नेत्याला दर टर्नच्या सोन्यावर विकता येते. त्या पैशातून बिल्डर (टाइलवर शेत, खाण, कँप बांधणारा कामगार) विकत घ्या. उत्पादन अडकून पडलेलं असताना विकत घेतलेला बिल्डर खरा हात देतो.

रानटी टोळ्या

वाईट जागेच्या आसपास मोकळी जमीन जास्त असते आणि जिथे कुणाची नजर पोहोचत नाही तिथे रानटी टोळ्यांचे तळ उगवतात. त्यांचा स्काउट तुमचं शहर बघतो, त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह येतं आणि तो तळाकडे पळत सुटतो. तो पोहोचला की टोळी तुमच्यावर चालून येते. म्हणून त्याला वाटेतच गाठा. वॉरियर शहरात बसवून ठेवू नका, शहरापासून दोन-तीन टाइलवर, तो पळण्याची शक्यता असलेल्या बाजूला ठेवा. शेवटचा वार शक्यतो स्लिंगरने करा. स्लिंगरने एक युनिट मारलं की आर्चरी या तंत्राचा युरेका (ते शिकायला मिळणारी सूट) मिळतो, आणि आर्चर हे पहिल्या युगातलं सगळ्यात भरवशाचं युनिट आहे.

डिसिप्लिन हे धोरण रानट्यांविरुद्ध ५ ताकद वाढवतं. तळ जवळ असेल तर ते लावायला कचरू नका. आणि सेटलर कधीही एकटा पाठवू नका. वॉरियरबरोबर त्याची एस्कॉर्ट जोडी करा म्हणजे दोघं एकत्र चालतात. एकदा माझा सेटलर नव्या जागेपासून एक टाइल अलीकडे रानट्यांच्या घोडेस्वाराने पळवून नेला. २५ टर्नांची मेहनत एका चालीत गेली. त्या दिवसापासून जोडी केल्याशिवाय मी सेटलर शहराबाहेर काढत नाही.

पँथिऑन: वाईट जमिनीची खरी चावी

कोड ऑफ लॉज हे सिव्हिक (संस्कृतीतून शिकायची गोष्ट) झाल्यावर गॉड किंग हे धोरण लावा. त्यातून दर टर्नला १ फेथ (श्रद्धेचा गुण) मिळते. २५ फेथ झाली की पँथिऑन (धर्माआधीची पहिली श्रद्धा) निवडायला मिळतं आणि मग गॉड किंग काढून अर्बन प्लॅनिंग लावता येतं. चांगल्या जमिनीवर पँथिऑन ही वरकमाई असते. वाईट जमिनीवर सगळा खेळच त्याच्यावर फिरू शकतो.

टुंड्रासाठी डान्स ऑफ द ऑरोरा. होली साइट या धार्मिक डिस्ट्रिक्टला (शहराच्या विशेष विभागाला) लागून असलेल्या प्रत्येक टुंड्रा टाइलमागे १ फेथ. वाळवंटासाठी डेझर्ट फोकलोर हेच काम करतं, दाट जंगलासाठी सेक्रेड पाथ. म्हणजे ज्या टाइल तुम्हाला भिकार वाटत होत्या त्याच आता कमावू लागतात. होली साइट अ‍ॅस्ट्रॉलॉजीने मिळते, आणि शहराची लोकसंख्या १ असली तरी पहिला डिस्ट्रिक्ट बांधता येतो (दुसऱ्याला ४ लागते, तिसऱ्याला ७). उपाशी शहरालाही हे झेपतं.

हरणं आणि फर भरपूर असतील तर गॉडेस ऑफ द हंट घ्या, प्रत्येक कँपला १ अन्न आणि १ उत्पादन मिळतं. समुद्रात मासे असतील तर गॉड ऑफ द सी. आणि यातलं काहीच जुळत नसेल तर रिलिजस सेटलमेंट्स. आताच्या आवृत्तीत ते निवडलं की एक सेटलर फुकट मिळतो. अडचणीतल्या राजधानीसाठी ती दहा-बारा टर्नांची बचत आहे.

ऑरोरा की फुकटचा सेटलर? माझा कौल असा: होली साइटला किमान चार टुंड्रा टाइल लागून मिळत असतील आणि तुम्ही धर्म स्थापन करायला खरोखर धावणार असाल तर ऑरोरा. नाहीतर सेटलर. अर्धवट मनाने ऑरोरा घेऊ नका. धर्म मिळाला तर वर्क एथिक ही श्रद्धा घ्या. हल्लीच्या आवृत्तीत ती होली साइटच्या शेजारबोनसाइतकंच उत्पादनही देते. माझ्या त्या खेळात होली साइटला पाच टुंड्रा टाइल लागून होत्या, म्हणजे ५ फेथ आणि ५ उत्पादन. ज्या राजधानीचं उत्पादन ६ पासून सुरू झालं होतं तिला एकाच डिस्ट्रिक्टमधून आणखी ५ मिळालं. पुढच्या युगात गोल्डन एज (सुवर्णयुग) लाभलं आणि त्यात मॉन्युमेंटॅलिटी हा पर्याय निवडला तर सेटलर आणि बिल्डर फेथने विकत घेता येतात. मग राजधानीच्या उत्पादनाची चिंताच उरत नाही.

जमीन कुठल्या जातीची आहे

वाळवंटात पहिलं लक्ष नदीकडे. फ्लडप्लेन्सवर (नदीकाठच्या पूरभूमीवर) शेती होते आणि तिथलं अन्न राजधानी सहज पोसतं. कोरड्या वाळवंटात शेती होत नाही, तिथे टेकड्या शोधा आणि मायनिंग शिकून खाणी काढा. आणि पेट्रा. मॅथेमॅटिक्सने मिळणारं हे वंडर त्या शहरातल्या फ्लडप्लेन्स सोडून प्रत्येक वाळवंटी टाइलला २ अन्न, २ सोनं आणि १ उत्पादन देतं. वर वंडर नको म्हटलं, त्याला हा एक अपवाद. वाळवंटी टेकड्या सात-आठ असतील तर पेट्रासाठी जंगलतोड करा, व्यापारी लावा, जमेल ते करा. पण राजधानीतच बांधायचा हट्ट नको, जिथे कोरडं वाळवंट जास्त तिथे बांधा. मालीचा मन्सा मुसा नेता म्हणून मिळाला असेल तर तुमची सुरुवात वाईट नाहीच, त्याला वाळवंटच हवं असतं.

कोरड्या सपाट जमिनीवर भारत म्हणून खेळत असाल तर स्टेपवेल विसरू नका. ही आपली बारव. आपल्याकडे गावोगाव आहे तीच पायऱ्यांची विहीर. प्रत्येक बारव १ अन्न आणि १ हाउसिंग देते, इरिगेशनने मिळते. टेकडीवर होत नाही आणि एका बारवेला लागून दुसरी बांधता येत नाही, म्हणून एक आड एक टाइल मोकळी ठेवून आखणी करा. बारवेशेजारी शेत ठेवा. इतरांनी पॉटरी शिकून ग्रॅनरी बांधावी (६५ उत्पादन, २ हाउसिंग, १ अन्न) आणि पुढे इंजिनिअरिंग आलं की अ‍ॅक्विडक्ट. कोरड्या शहराचं हाउसिंग तो एकदम वर नेतो. मात्र तो शहराला आणि नदी, तळं, ओअ‍ॅसिस किंवा डोंगराला, असा दोन्हीकडे लागून असावा लागतो. ती एक टाइल पहिल्या दिवसापासून राखून ठेवा.

दाट जंगल दिसतं तेवढं वाईट नसतं. प्लेन्सवरचं जंगल २ अन्न आणि १ उत्पादन देतं. फक्त चालायला वेळ लागतो. ब्राँझ वर्किंगनंतर तोडता येतं, पण सगळं तोडू नका, कँपसला (विज्ञानाच्या डिस्ट्रिक्टला) दर दोन जंगल टाइलमागे १ विज्ञान मिळतं.

डोंगरांनी कोंडलेली जागा मला तर आवडते. डोंगरावर काम करता येत नाही हे खरं, पण शत्रूला तो ओलांडताही येत नाही. कँपस आणि होली साइट दोघांनाही दर डोंगरामागे १ मिळतं. तीन डोंगरांच्या बेचक्यातली टाइल शोधा आणि तिथे कँपस टाका.

लहान बेटावर सुरुवात झाली तर शिकायचा क्रमच बदला. सेलिंग आधी. किनाऱ्यावर शहर बसवलं की त्याचा युरेका मिळतोच. सेलिंगने मासेमारीच्या होड्या होतात आणि बिल्डरला पाण्यात उतरता येतं, पण सेटलरला नाही. त्याला शिपबिल्डिंग लागतं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी नवे खेळाडू सेटलर बांधून किनाऱ्यावर उभा करून ठेवतात. बेटावर दुसऱ्या शहराला जागा नसेल तर शिपबिल्डिंग व्हायच्या बेताला सेटलर तयार होईल असा मेळ घाला.

आणि जमीन चांगली पण शेजारी फार जवळ असेल तर? मग तुमच्या वाट्याची जमीन त्याच्याकडे आहे. आर्चरीचा युरेका मिळवून तीन-चार आर्चर आणि दोन वॉरियर जमवा, त्याच्या शहराला तट उभा राहायच्या आत. आर्चर शहराचं बळ कमी करतात, आत शिरायला मात्र वॉरियरच लागतो. सर्वांत वरच्या डेइटी पातळीवर संगणकाला सुरुवातीलाच तीन सेटलर मिळतात. त्यातला एखादा सोबतीशिवाय तुमच्या वॉरियरजवळून चालला असेल तर युद्ध पुकारून तो पकडणं हाही एक मार्ग आहे.

दुसरं शहर

स्काउटने आता आसपास पाहून घेतलं असेल. दोन शहरांमध्ये किमान तीन टाइल मोकळ्या लागतात. साध्या खेळात मी दुसरं शहर जवळच बसवतो. वाईट सुरुवातीला मात्र चांगल्या जमिनीसाठी सहा-सात टाइल लांब जायला हरकत नाही. पण नवव्या टाइलच्या पुढे राजधानीच्या लोकसंख्येचा लॉयल्टीवरचा प्रभाव पोहोचत नाही. त्यापलीकडे शेजाऱ्याच्या मोठ्या शहराला खेटून बसवलंत तर काही टर्नांत शहर हातचं जाईल. स्टेट वर्कफोर्स आणि अर्ली एम्पायर या सिव्हिक्समधून गव्हर्नर मिळतात. बसलेला गव्हर्नर दर टर्नला ८ लॉयल्टी वाढवतो, तो या शहरात ठेवा.

अर्ली एम्पायरने कॉलनायझेशन हे धोरणही खुलं होतं, सेटलरचं उत्पादन त्याने ५० टक्के वाढतं. तिसरा आणि चौथा सेटलर त्या काळात काढा. मॅग्नस या गव्हर्नरला प्रोव्हिजन ही बढती दिली तर सेटलर निघताना नागरिक कमी होत नाही. टुंड्रातल्या राजधानीत एक नागरिक म्हणजे पंधरा टर्न, तेव्हा ही बढती तिथे दुप्पट मोलाची.

फॉरेन ट्रेड झाल्यावर पहिला व्यापारी टुंड्रातून नव्या शहराकडे पाठवा. देशांतर्गत फेरीतलं अन्न आणि उत्पादन जिथून व्यापारी निघतो त्या शहराला मिळतं, आणि पोहोचण्याच्या शहरातले डिस्ट्रिक्ट जितके जास्त तितकं ते वाढतं. कँपस आणि होली साइटमुळे अन्न, कमर्शियल हब आणि हार्बरमुळे उत्पादन. वाटेत रस्ताही तयार होतो.

माझ्या त्या खेळात दुसरं शहर तेहतिसाव्या टर्नला, राजधानीच्या उत्तरेला सहा टाइलवर ग्रासलँडमध्ये बसलं. गव्हर्नमेंट प्लाझा आणि कँपस तिथेच गेले. शंभराव्या टर्नला त्या शहरात नऊ नागरिक होते आणि राजधानीत चार. तोपर्यंत त्या चारांच्या राजधानीतून तीन सेटलर निघाले होते, होली साइट आणि श्राइन उभी होती, आणि ती सहावा व्यापारी बांधत होती.